दोरीवरचे कपडे

आक्कांच्या शिवणखोलीत खडू आले ते मास्तरिणीच्या पिशवीतून, आणि तेही अंग चोरून. आजवर त्या खोलीत सुई, टाचणी, कात्री आणि आक्कांची जीभ एवढ्याच टोकदार वस्तूंना मुक्त प्रवेश होता.

“कापडावर खडू?” आक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. “पोरं भिंती खराब करतात ते?”

“मेणखडू आहेत, आक्का. रंगवायचं, वर कागद ठेवायचा, गरम इस्त्री फिरवायची. मेण कागदात जातं, रंग कापडात राहतो.”

“बालवाडीत पोरं बाहीला नाकही पुसतात. तेही राहतं कापडात. म्हणून काय गोधडीत घ्यायचं?”

मास्तरीण हसली. धाकट्या भावाची ही बायको बालवाडीत शिकवायची. रोज वर्गभर हट्टी माणसं सांभाळायची सवय. घरात आणखी एक निघालं म्हणून ती डगमगणार नव्हती. तिनं पांढऱ्या मांजरपाटाचा एक चौकोन टेबलावर पसरला आणि त्याखाली पॉलिश पेपरचा तुकडा सरकवला. “हा खाली असला की कापड घसरत नाही. शिवाय खरखरीत असतो, रंग दाबून बसतो. बघा.”

आक्कांना बघायचं नव्हतं, तरी त्यांनी पाहिलं. निळा खडू फिरला तशी कापडाची वीण वर आली. एकेक धागा उठून दिसायला लागला, जसा काही कापडाच्याच अंगावर काटा आला होता. उभा जन्म कापडात गेला, पण कापडाचं हे रूप त्यांनी पाहिलं नव्हतं. बोलल्या मात्र नाहीत. एवढंच विचारलं, “धुतलंस का आधी? खळ असेल तर रंग वरच्या वर राहील.”

“दोनदा धुतलं.”

“मग ठीक.”

या घरात आक्कांच्या ‘मग ठीक’च्या वर दुसरी शाबासकी नव्हती. मास्तरिणीनं ती पदरात पाडून घेतली आणि उरलेले चौकोन मांडायला लागली.

गोधडी पेंटरसाठी होती.

पेंटर म्हणजे आक्कांच्या पाठचा भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली. त्याला सगळे पेंटरच म्हणत, आणि त्याच्या बायकोला ओघानंच पेंटरीण. झटका आला त्या दिवसापासून त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. किती कळतंय ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सांगता येत नाही म्हटल्यावर प्रत्येकानं आपापलं ठरवून टाकलं. आधी त्याच्याबद्दल दाराबाहेर बोललं जायचं, मग दारात, मग त्याच्यासमोरच पण हळू आवाजात. हल्ली आवाजही कोणी हळू करत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याला केअर सेंटरमध्ये न्यायचं ठरलं होतं. तिथल्या बाई आज दुपारी त्याला बघायला यायच्या होत्या. आणि जाताना त्याच्याबरोबर घरच्या प्रत्येकाच्या हातचं काहीतरी असावं, ही कल्पना मास्तरिणीची. प्रत्येकानं एक चौकोन रंगवायचा, आक्कांनी ते जोडून गोधडी शिवायची. आक्का खडूला नाक मुरडत होत्या खऱ्या, पण कल्पनेला त्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नव्हतं. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी गोधडी दिली होती. याला रिकामं कसं पाठवायचं?

“सावकाश! पाय बघ, पाय!” जिन्यातून पेंटरिणीचा आवाज आला.

धाकटा आणि ती पेंटरला खुर्चीसकट खाली आणत होते. धाकटा जवळच वेगळ्या बिऱ्हाडात राहायचा. नोकरीत साधा कारकून होता, पण घरात त्याला मॅनेजर म्हणत. कारण गॅसच्या नंबरापासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंत जे काही असेल ते ‘मी मॅनेज करतो’ हे त्याचं उत्तर. केअर सेंटरही त्यानंच मॅनेज केलं होतं.

खुर्ची खिडकीपाशी टेकली. पेंटरीण कमरेवर हात ठेवून तशीच वाकून उभी राहिली. सरळ व्हायला तिला बराच वेळ लागला, आणि तो सगळा वेळ बाकीचे दुसरीकडे बघत होते.

“बस गं,” आक्का म्हणाल्या.

“बसले तर उठवायला दोन माणसं लागतील. आधीच एकाला लागतात.”

जिना हेच खरं दुखणं होतं. वरच्या मजल्यावरून त्याला खाली आणणं, पुन्हा वर नेणं, रात्री कूस बदलणं. तळमजल्यावर एकच मोठी, उजेडाची खोली होती आणि तीत आक्कांचं मशीन होतं, कपाटं होती, कापडाचे गठ्ठे होते. ती खोली कोणी मागितली नव्हती. आक्कांची शिवणखोली मागणं म्हणजे वाघाला त्याची मिशी मागणं. घरात तेवढं धाडस कोणाच्यात नव्हतं, आणि आक्कांनीही आपण होऊन तो विषय कधी काढला नव्हता.

पेंटर खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्या मोठ्या काचेवर त्यानंच कधीकाळी सोनेरी रंगात लिहिलं होतं, ‘गोधडी शिवून मिळेल’. बाहेरून लिहिलं तर ऊनपाऊस रंग खातो, म्हणून तो नेहमी दुकानाच्या आतल्या बाजूनं लिहायचा. म्हणजे सगळंच्या सगळं उलटं, डावीचं उजवीकडे. ना पेन्सिल, ना दोरी. कुंचला असा जायचा की अक्षर आधीपासून काचेत होतंच, यानं फक्त वरची धूळ पुसली. लोक थांबून बघायचे. लहानपणी तो आत उलटं लिहायचा आणि आक्का रस्त्यावर उभ्या राहून सुलटं वाचायच्या. जाड काचेतून आवाज जायचा नाही, म्हणून खूण ठरली होती. काचेवर एकदा टकटक म्हणजे बरोबर, दोनदा टकटक म्हणजे चुकलं, बघ. दोनदा टकटक करायची वेळ फारशी यायची नाही, आणि आक्कांना तेव्हा त्याचा थोडा रागच यायचा.

ती सोनेरी अक्षरं खोलीच्या आतून उलटी दिसत. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून बसून आक्कांना ती दिसेनाशीच झाली होती.

“चला, सगळ्यांनी काढा,” मास्तरीण म्हणाली. “आपापलं चित्र. ओळखू यायला पाहिजे.”

“मला नाही येत,” पेंटरीण म्हणाली.

“मला तरी कुठे येतं?” असं म्हणत मॅनेजरनं सगळ्यात आधी खडू उचलला आणि स्वतःचं चित्र काढलं. त्यात डोक्यावर भरघोस केस होते.

“हे कोण?” आक्का म्हणाल्या.

“मी.”

“ओळखू यायला पाहिजे असं ठरलंय. काळा खडू संपवलास नुसता.”

पेंटरीणसुद्धा हसली. मग हसण्याच्या भरात तिनंही कापड पुढे ओढलं आणि एक बाई काढली. बाईच्या हातात बादली होती. आक्कांनी सुई काढली. नुसतीच सुई, मोठी, नेढ्यातून लाल दोरा. “हे मी,” त्या म्हणाल्या, आणि कोणी हरकत घेतली नाही.

इस्त्रीची घाई मॅनेजरला. मास्तरीण कोरे कागद आणायला आत गेली, तेवढ्यात त्यानं हाताशी होतं ते वर्तमानपत्र आपल्या चित्रावर टाकलं आणि तापलेली इस्त्री दाबली. कागद उचलला तेव्हा मेणाबरोबर छपाईची शाई हलली होती. त्याच्या रंगीत छातीवर पुसट, उलट्या अक्षरांत कसलीशी जाहिरात उमटली होती.

“अगं बाई!” मास्तरीण दारातच थांबली. “अहो, कोरा कागद घ्यायचा असतो!”

“काय छापलंय ते तरी वाचा,” पेंटरीण म्हणाली.

मॅनेजरनं कापड आरशासमोर धरलं. वाचलं आणि कपाळाला हात लावला. मग मास्तरिणीनं मान लांब करून वाचलं, “‘जुना माल, आहे त्या स्थितीत.’”

आक्कांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “राहू दे तसंच! खरं बोलणारं कापड आहे. जोडते मी.”

त्या हसण्यात मास्तरिणीचं लक्ष पेंटरकडे गेलं. त्याची नजर खडूच्या डबीवर होती.

“भावोजींना पण देऊ या एक.”

“कशाला?” मॅनेजर म्हणाला. “चौकोन वाया जाईल. त्याला काय कळतंय?”

“तोंडात घातला तर?” पेंटरीण म्हणाली. “काल साबण घेतला होता हातात.”

“माझ्या कापडाचं मी बघेन,” आक्का म्हणाल्या. त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं की काही होईल. पण कापड कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, हे या खोलीत दुसऱ्या कोणी ठरवायचं नव्हतं. त्यांनी चौकोन पॉलिश पेपरवर घट्ट टाचला, फळीवर ठेवून पेंटरच्या मांडीवर दिला, खडूंची डबी बाजूला ठेवली आणि डाव्या हातात निळा खडू बसवला. बोटं गार होती. खडूभोवती ती एकेक करून मिटली.

तो लगेच काही करेना. मग खडू कापडाच्या उजव्या कडेला टेकला आणि थरथरत डावीकडे निघाला.

“बघ,” मॅनेजर मास्तरिणीला म्हणाला, “सुरुवातसुद्धा उलट्या बाजूनं.”

तो रेघ ओढत राहिला आणि हे चौघं पुन्हा बोलायला लागले. विषय तोच.

“त्या बाई विचारतील ते नीट सांगायचं,” मॅनेजर म्हणाला. “खाणं, झोप, औषधं. ज्यांना काहीच कळत नाही त्यांचा तिकडे वेगळा विभाग आहे. मागच्या बाजूला. तिथे ठेवतील म्हणाल्या.”

“मागच्या बाजूला म्हणजे?” मास्तरिणीनं विचारलं. “खिडकी आहे ना?”

“असेल. खिडकीचं त्याला काय?”

“तुम्ही बघून आलात ना?”

“मी ऑफिस बघून आलो.”

“म्हणजे भावोजी कुठे झोपणार ते बघितलंच नाही?”

“तू माझ्या बाजूची आहेस की नाही?”

“मी प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूची आहे.”

“पुरे!” पेंटरीण एकदम बोलली. “मला काय हौस आहे त्यांना पाठवायची? मी पडले तर दोघांनाही उचलायला कोण येणार? परवा जिन्यात माझा पाय सरकला. कोणाला सांगितलं नाही मी. ते माझ्या हातात होते आणि पाय सरकला.”

फक्त खडूची खरखर चालू होती. आक्का आपल्या मशीनकडे बघत होत्या. जड, काळं, भिंतीला टेकलेलं, स्वतःच्या जागेवर ठाम. माणसानं हलवलं तर हलेल असं. त्यांनी नजर काढून घेतली.

“झालं वाटतं,” मास्तरीण म्हणाली.

पेंटरचा हात थांबला होता. मधे कधीतरी त्यानं निळा टाकून लाल घेतला होता, मग हिरवा. मॅनेजरनं फळी उचलून सगळ्यांसमोर धरली.

वर एक आडवी रेघ होती, कडेपासून कडेपर्यंत. तिला खाली जाडजूड, वेडेवाकडे आकार लटकले होते. आधी कड काढून मग आत नीट रंग भरलेले.

“कपडे!” मॅनेजर म्हणाला. “दोरीवर वाळत घातलेले. हा शर्ट, हा दुसरा शर्ट. या पायजम्याची नाडी लोंबतेय बघा. आणि दोरीवर हा काय, कावळा बसलाय.”

“बाहेर नाही गेला रंग कुठे,” मास्तरीण म्हणाली. “माझ्या वर्गात एवढं कोणाला जमत नाही.”

पेंटरीण पुढे झाली. तिनं चौकोन हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. “गच्चीतली दोरी आहे ही,” ती म्हणाली. “त्यांच्या पलंगावरून दिसते. मी कपडे वाळत घालते, ते बघत असतात.” मग स्वतःशीच म्हणाली, “मला वाटायचं नुसतेच बघतात.”

चित्र तेवढं पुरेसं होतं. आक्कांनाही वाटलं, एवढं उरलंय त्याच्यात, हेही पुष्कळ. त्यांनी चौकोन घेतला. “हा मी करते. मॅनेजर, इस्त्रीपासून लांब हो.”

त्यांनी कापड सपाट केलं, वर कोरा कागद ठेवला, पाण्याचा थेंबही न शिंपडता इस्त्री टेकवली. घासली नाही, उचलून ठेवली, उचलून ठेवली. मेणाचा गोडसर वास आला. कागदावर तेलकट ठिपके पडले, मग त्यांच्यामागून रंग वर आला. कोपऱ्याला धरून त्यांनी कागद हळूच सोलून काढला.

कापडावर कपडे छान बसले होते. आक्कांनी कागद चुरगाळायला मूठ आवळली, आणि मूठ तिथेच थांबली.

कागदावर तोच ठसा होता, फिकट. तीच दोरी, तेच आकार. फक्त डावीचे उजवीकडे झालेले. नाडीवाला पायजमा आता दुसऱ्या जागी होता. कावळा पार शेवटच्या आकारावर जाऊन बसला होता. दोरी दोरी नव्हती, अक्षरांवरची रेघ होती. आणि तो कावळाही नव्हता, ती मात्रा होती.

“मास्तरीण,” आक्का म्हणाल्या. “हे वाच.”

मास्तरिणीनं कागद घेतला. वर्गात वाचतात तसं बोट ठेवून, अक्षर सुटं करून वाचलं. “चा-लू. आ-हे.”

मग पुन्हा वाचलं, बोट न ठेवता. “चालू आहे.”

“योगायोग असेल,” मॅनेजर म्हणाला.

“योगायोगाला दीर्घ उकार बरोबर देता येत नाही,” आक्का म्हणाल्या. “तुला शाळा संपेपर्यंत देता आला नाही.”

पेंटरिणीनं खुर्चीचा हात धरला. “पण उलटं का लिहिलं त्यांनी?”

आक्का खिडकीकडे बघत होत्या. उन्हात सोनेरी अक्षरं चमकत होती, आतून उलटी, जशी ती रोज असत. शहाण्यासारखी रोज त्यांच्यासमोर बसून मी दुसऱ्यांना कापडाचं उलट-सुलट शिकवते, त्यांच्या मनात आलं. गावभर प्रत्येक दुकानाच्या दारावर यानं हेच दोन शब्द लिहिले होते. झोपेतही लिहिले असते.

“आतून लिहिलंय त्यानं,” त्या म्हणाल्या. “बाहेरच्यांना वाचता यावं म्हणून.”

पेंटरीण मटकन खाली बसली, कमरेचा विचार न करता. “मी त्यांच्यासमोर काय काय बोलले गेले सहा महिने!”

“लग्न झाल्यापासून बोलतेसच की. तेव्हाही तो ऐकूनच घ्यायचा.”

पेंटरीण हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मॅनेजर भावासमोर जाऊन उभा राहिला. काय मॅनेज करावं ते त्याला सुचेना. शेवटी तो वाकला, भावाच्या मांडीवर पडलेले खडूचे कण एकेक करून वेचायला लागला. “मला वाटलं कपडे आहेत रे,” तो म्हणाला. “शप्पथ.” आणि आज कित्येक महिन्यांनी तो त्याच्याबद्दल नाही, त्याच्याशी बोलला होता.

दारावरची घंटा वाजली.

सगळे दचकले. “त्या बाई,” मॅनेजर उठत म्हणाला. “काय सांगू त्यांना?”

“लिहिलंय की,” आक्का म्हणाल्या. “वाचता येतं ना तुला?”

तो दोन पावलं गेला आणि वळला. “आक्का, पण जिना? वहिनींची कंबर? ते तर तसंच आहे.”

ते तसंच होतं. आक्कांनी एकवार खोलीभर नजर फिरवली. कपाटं, गठ्ठे, मशीन, उजेड. उजेडाचंच जास्त वाईट वाटलं.

“मशीन वर जाईल,” त्या म्हणाल्या. “तो खाली येईल. पलंग इथे, खिडकीपाशी. गठ्ठे तुझ्याकडे ठेव, तुझं घर रिकामंच आहे. आणि रोज सकाळी ऑफिसच्या आधी त्याला उठवायला यायचं. तू. बायकोला पाठवायचं नाही.”

“रविवारी मी येते,” मास्तरीण म्हणाली.

“तुम्हाला जिना चढवेल का, आक्का?” पेंटरीण डोळे पुसत म्हणाली.

“कुरकुरत चढेन. कुरकुर मला नवीन नाही.”

मॅनेजर दाराकडे गेला. बाहेर बायकी आवाज, मग त्याचा अडखळता, नम्र आवाज ऐकू आला. काय सांगतोय ते नीट कळत नव्हतं. मधूनच “चालू आहे, म्हणजे तसं चालू आहे” एवढं कानावर आलं.

आक्कांनी बाकीचे चौकोन टेबलावर मांडले. बादलीवाली बाई, लाल दोऱ्याची सुई, जाहिरातीचा मॅनेजर, आणि मास्तरिणीनं काढलेलं फळ्याएवढं हसू. मधली जागा त्यांनी मोकळी ठेवली. मग पेंटरचा चौकोन उचलला आणि उलटा केला. मांजरपाट पातळ, इस्त्री चांगली तापलेली. रंग आरपार उतरला होता. पाठीवर अक्षरं सुलटी, थोडी मऊ झालेली. त्यांनी तो तसाच मधोमध ठेवला आणि टाचण्या टोचायला लागल्या.

“आक्का,” मास्तरीण हळूच म्हणाली, “उलटी बाजू वर येतेय.”

ज्याला उलट-सुलट कळत नाही त्यानं सुईला हात लावू नये, हे वाक्य आक्कांकडून ऐकल्याशिवाय या घरात कोणी गुंडीसुद्धा लावली नव्हती.

“येऊ दे,” आक्का म्हणाल्या.

टाचलेले चौकोन दोन्ही हातांवर घेऊन त्या खुर्चीपाशी गेल्या आणि पेंटरसमोर धरले. तो बघत राहिला. आक्कांनी एक हात मोकळा केला आणि काचेवर बोटाच्या पेरानं एकदा टकटक केली.

त्याची नजर काचेकडे गेली. मग आक्कांकडे. अर्ध्या चेहऱ्यानं तो हसला. अर्धा पुरेसा होता. डावा हात गुडघ्यावरून उचलला, वाटेत दमला, पुन्हा उचलला, आणि काचेपाशी पोचला.

टकटक. टकटक.

“दोनदा?” आक्का चकित झाल्या. “चुकलं? काय चुकलं रे?”

त्याचं बोट कापडावर आलं. ‘चा’च्या उजव्या कडेनं खाली घसरलं, तळाशी वळलं, तसंच पुढच्या अक्षरापाशी गेलं. आक्कांना क्षणभर उमगेना. मग त्यांनी वर काचेकडे पाहिलं. प्रत्येक सोनेरी अक्षराच्या मागे काळी, बारीक, न चुकलेली सावली होती. सावलीशिवायची पाटी त्यानं आयुष्यात कोणाला दिली नव्हती.

आक्कांनी मधल्या टाचण्या एकेक करून काढल्या, चौकोन पुन्हा फळीवर ताणला आणि हात मागे केला.

“मास्तरीण, काळा खडू दे. मॅनेजरच्या केसांतून काही उरला असेल तर.”